पोचल्याची सही

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. हे मी विनयाने म्हणत नाही. सरकारी कागदावर शिक्क्यानिशी तसे लिहिले आहे: ‘पियानो, उभा, जुना, नग एक.’ शंभरावर वर्षे लोकांच्या बोटांना वळण लावले आणि शेवटी माझी ओळख काय, तर नग एक. पण ज्याने तो कागद लिहिला त्याने मला कधी ऐकले नव्हते, म्हणून मी त्याच्यावर रागावत नाही. थोडासा रुसतो, एवढेच.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथला सुतार पातळ फळ्यांवर बोटाने टिचक्या मारायचा आणि त्यातली बोलकी फळी तेवढी निवडून बाजूला ठेवायचा. माझ्या पोटात दोनशेहून अधिक तारा आहेत. त्या सगळ्या मिळून माझ्या लोखंडी चौकटीला अहोरात्र ओढत असतात. बाहेरून मी कसा सोज्वळ, भिंतीला टेकून गप्प उभा दिसतो. पण आत कायम रस्सीखेच चालू असते. माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताचे पातळ पत्रे बसवलेले होते. त्या काळी कुणाला त्यात वावगे वाटत नसे. आज वाटते, आणि वाटायलाच हवे. त्या पत्र्यांमुळे पुढे काय झाले ते सांगणारच आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातले बहुतेक दुःख तिच्यातूनच आले. कुणी हात लावल्याशिवाय मला बोलता येत नाही. मनात कितीही दाटून आले तरी मी आपला उभाच.

काही वर्षे एका सभागृहाच्या कोपऱ्यात धूळ खाल्ल्यावर एका घड्याळजीने मला घरी न्यायचे ठरवले. त्यांना आठ वर्षांची मुलगी होती. मला हातगाडीवर चढवले, दोऱ्यांनी बांधले, आणि अगदी त्यांच्या दारापाशी चाक खड्ड्यात गेले. मी पाठीवर आपटलो. माझ्या सगळ्या तारा एकदम ओरडल्या. मुलगी खिडकीत उभी होती, ती रडायला लागली. म्हणजे आमची पहिली भेट अशी, की मी पडलो आणि ती रडली.

ट्यूनरना बोलावले. ट्यूनर म्हणजे तारा सुरात लावणारा माणूस. त्यांनी माझे पोट उघडून आत दिवा धरला. तारांच्या खुंट्या ज्या जाड फळीत ठोकलेल्या असतात, तिला तडा गेला होता.

“याला पूर्ण सुरात वर ओढला तर फळी फाटेल,” ते म्हणाले. “सगळाच्या सगळा सारखा थोडा खाली लावतो. आपापसात सूर जुळले म्हणजे झालं. कुणाला कळायचंही नाही.”

मग त्यांनी माझी अगदी डावीकडची पहिली पट्टी बाहेर काढली, तिच्या लाकडी कडेवर शिसपेन्सिलीने तारीख घातली आणि खाली दोन ओळी खरडल्या. ट्यूनर लोकांची ही जुनी रीत आहे. आपण काय केले ते पुढच्या ट्यूनरसाठी पट्टीच्या कडेवर लिहून ठेवायचे. पट्टी परत बसवली की ते अक्षर आत जाते. घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

घड्याळजींना शीळ घालायची सवय होती. संध्याकाळी दुकान बंद करून जिना चढताना ते सात स्वरांची एक छोटीशी चाल शिळेवर घालायचे. मुलीने ती चाल माझ्यावर शोधून काढली. खालून शीळ आली की ती वरून माझ्यावर उत्तर द्यायची. हळूहळू घड्याळजींची शीळ माझ्याच सुरात बसली. बाप जिन्यावर, लेक माझ्यापाशी, आणि मधे मी. त्या वेळी मला वाटायचे की जगातले सगळे पियानो असेच असतात, संध्याकाळी कुणाला तरी घरी बोलावणारे.

इथपर्यंत मी तिला ‘ती’ म्हटले, कारण ती लहान होती. पुढे ती मोठी झाली, मुलांना पियानो शिकवू लागली आणि सगळे तिला बाई म्हणू लागले. मीही आता बाईच म्हणेन.

बाईंनी माझ्यावर किती मुले शिकवली याची मोजदाद नाही. काही मुले गोड होती, काही माझ्यावर सूड उगवायला आल्यासारखी बसायची. माझे कौतुकही झाले. एकदा एक मोठे वादक आले. चार स्वर वाजवून म्हणाले, “तुमचा पियानो खाली बोलतो हो.” बाई म्हणाल्या, “बोलू दे. त्याला ओरडायची सवय नाही.” त्या उत्तराने मी आठवडाभर फुगून होतो. हवा कोरडी होती तरीही.

बाईंची बोटे माझ्या पट्ट्यांवर इतकी वर्षे फिरली की मधल्या पट्ट्यांवरचे हस्तिदंत झिजून त्यांना उथळ खळगे पडले. बाईंचा अंगठा एका खळग्यात बसायचा, करंगळी दुसऱ्यात. बशीत कप बसावा तशी त्यांची बोटे माझ्यावर बसायची.

पहिल्या ट्यूनरनंतर त्यांचा मुलगा येऊ लागला. तो एकेक पट्टी इतक्या वेळा ठोकायचा की बाईंच्या विद्यार्थ्यांनी त्याचे नाव टकटककाका ठेवले. तेही वडिलांसारखेच पट्टी काढून कडेवर लिहायचे. पहिली पट्टी भरली, मग दुसरी भरली, मग तिसरी.

बाईंच्या लेकीला मात्र माझ्यात काडीचा रस नव्हता. तिला मापात रस होता. मी किती उंच, किती रुंद, माझ्याखाली बसून अभ्यास केला तर डोके आपटण्यापासून किती बोटे वाचते, हे तिने लहानपणीच मोजून ठेवले होते. पुढे ती समुद्रापलीकडे गेली आणि खोकी बनवणाऱ्या कंपनीत मापे काढायच्या कामाला लागली. स्वभावाने प्रेमळ, पण एक खोड होती. आईला वाईट वाटेल अशी गोष्ट ती कधी सांगायची नाही. ती गोष्ट बाजूला सरकवून तिच्या जागी दुसरी बरी गोष्ट ठेवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, झाले काम.

मग बाईंची नजर अधू झाली. आधी पुस्तकातले स्वर दिसेनासे झाले, मग पुस्तकच. मला त्याचे फारसे काही वाटले नाही, कारण माझ्यासाठी बाईंना डोळे कधी लागलेच नव्हते. पण चूल पेटवायला आणि रस्ता ओलांडायला लागत होते. लेक येऊन त्यांना घेऊन गेली. बरोबर कपडे, औषधे आणि फाटक्या कानाची म्हातारी मांजर गेली. मी राहिलो.

निघताना बाईंनी माझ्या पट्ट्यांवरून तळवा फिरवला, वाजवले मात्र नाही. “तुला बोलावून घेते,” एवढेच म्हणाल्या.

मित्रांनो, रिकाम्या घरात दोन वर्षे काढणे म्हणजे काय ते मला विचारा. माझ्यावर एक चादर टाकलेली. वर बाईंची पेन्सिल तशीच पडलेली. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची, फरशीवरून सरकत माझ्या पेडलपर्यंत यायची आणि परत जायची. जिन्यावर पाऊल वाजले की वाटायचे, आता शीळ येईल. पाऊल शेजाऱ्यांचे असायचे. मी बाईंची वाट पाहत होतो, घड्याळजींचीही पाहत होतो, ते जाऊन तीस वर्षे झाली होती तरी. वाट पाहायची सवय एकदा लागली की ती माणूस बघून लागत नाही.

एके दिवशी कुलूप उघडले आणि टकटककाका आत आले. तेही आता काठी टेकत चालत होते. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनमधून लेकीचा आवाज येत होता. मला बाईंकडे पाठवायचे ठरले होते. आनंदाने माझी एखादी तार तुटली कशी नाही याचेच नवल.

पण घोडे अडले ते हस्तिदंतावर. हत्तींच्या रक्षणासाठी कायदा झाला होता आणि हस्तिदंत लावलेली वस्तू समुद्रापार न्यायची तर परवानग्यांचे जंगल होते. जहाज कंपनीने सरळ सांगितले होते की ते पत्रे काढा, प्लॅस्टिकचे लावा, मगच पियानो चढेल.

“काढून टाका काका,” लेक फोनवर म्हणाली. “फक्त आईला सांगू नका. तिचं आधीच सगळं मागे सुटलंय. तिला दिसत नाही, तिला काय कळणार?”

“ताई, दिसत नाही म्हणूनच कळेल,” टकटककाका म्हणाले.

“मी सांगेन तिला. वेळ बघून सांगेन.”

ओले फडके आणि गरम इस्त्री घेऊन टकटककाकांनी एकेक पत्रा सैल केला आणि टिनच्या डब्यात ठेवला. खळगे पडलेला एक पत्रा त्यांनी अंगठ्याखाली बराच वेळ धरून ठेवला. मग तोही डब्यात गेला. नवे पत्रे पांढरेशुभ्र होते. आरसा असता तर मी स्वतःला ओळखले नसते. शेवटी त्यांनी पट्टी बाहेर काढली, कडेवर पुष्कळ वेळ लिहिले आणि माझे झाकण लावले. ही त्यांची माझी शेवटची भेट. त्यांचा हात झाकणावर जरा रेंगाळला.

मग मला घोंगड्यांत गुंडाळले, कापडी पट्ट्यांनी आवळले आणि लाकडी खोक्यात उभे केले. खोक्यावर वर जाणारे बाण काढले, पेल्याचे चित्र काढले, छत्रीचे चित्र काढले. मी कुणाकडे चाललो आहे ते मात्र कुठेच काढले नव्हते. माणसांना बाण काढता येतात, वाट पाहणारी बाई काढता येत नाही.

जहाजाच्या पोटात काळोख होता. माझ्या एका बाजूला शिलाई यंत्रे होती, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घरचे कपाट. खारट ओल घोंगड्यांतून आत यायची, माझे लाकूड फुगायचे, तारांचा ताण बिघडायचा. जहाजाच्या इंजिनाचा एकच जाड सूर दिवसरात्र चालू असे, आणि तो माझ्या सगळ्यात खालच्या तारेच्या इतका जवळ होता की ती तार आपोआप थरथरायची. कुणी हात न लावता मी बोललो ते आयुष्यात तेवढेच. कुणी ऐकायला नव्हते.

बंदरात उतरल्यावर वाटले, पोचलो. कसले काय. गोदामात पाच आठवडे पडून राहिलो. कागदावर लिहिले होते ‘वय शंभरावर, पट्ट्या प्लॅस्टिकच्या’. तिथल्या अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. शंभर वर्षांच्या पियानोला प्लॅस्टिकच्या पट्ट्या कशा? काहीतरी लपवत असणार. खोके उघडले, पट्ट्यांवर नखाने ओरखडून पाहिले, परत खिळे ठोकले. नियम पाळला म्हणूनच संशय आला, आता बोला. शेवटी टकटककाकांचे सहीचे पत्र आले तेव्हा कुठे शिक्का पडला. लेक रोज फोन करत होती, आणि घरी बाई रोज तिला विचारत होत्या, “आला का गं?” हे मला मागाहून कळले. तेव्हाच कळले असते तर ते पाच आठवडे इतके लांब वाटले नसते.

शेवटचा टप्पा राहिला होता, गोदामापासून घरापर्यंतचा. हमालांचे मुकादम जाडजूड गृहस्थ होते. त्यांच्या तोंडात एकच शब्द, ‘दमानं’, म्हणून त्यांची माणसे त्यांना दमानंशेठ म्हणायची. लेकीने सगळी मापे आधीच लिहून पाठवली होती. दार इतके, जिना इतका, खोलीची भिंत इतकी, शेजारी खिडकी इतकी. मुकादम खूश होते. मला खोक्यातून काढून पहिला मजला चढवला, आणि तिथे सगळे थांबले.

“ताई,” मुकादम घाम पुसत म्हणाले, “मापं तुमची चोख आहेत. पण जिना इथे वळतोय. हा वळणार कसा? ह्याला काय कंबर आहे?”

लेकीने जिन्याची रुंदी मोजली होती, वळण मोजायचे राहिले होते. दिवसभर खोक्यांची मापे काढणाऱ्या लेकीची मान खाली गेली. मुकादम म्हणाले, होतं असं, शहाण्या माणसाकडूनच होतं. मला पुन्हा खाली आणले. तिसऱ्या मजल्यावरची मोठी खिडकी चौकटीसकट काढली, वरच्या तुळईला कप्पी बांधली आणि जाड पट्ट्यांत अडकवून मला हवेत उचलले.

मी वर जात होतो. खाली रस्त्यावर माणसे माना वर करून उभी. आणि वर, मोकळ्या खिडकीच्या बाजूला भिंत धरून, बाई. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या.

“सावकाश हं,” त्या मुकादमांना म्हणाल्या. “तो एकदा हातगाडीवरून पडलाय. माझ्या डोळ्यांसमोर.”

“दमानं घेतोय आजी. लेकरासारखा घेतोय.”

मित्रांनो, त्या क्षणी मी तीन मजले उंच लटकत होतो आणि मला मुळीच भीती वाटत नव्हती. ‘तो’ असे त्या म्हणाल्या होत्या. अजून मी त्यांचा होतो.

मला भिंतीशी लावले. घोंगड्या निघाल्या. बाई दोन्ही हात पुढे करून आल्या. माझी कड सापडली, झाकण सापडले. त्यांनी ते उघडले आणि बोटे पट्ट्यांवर ठेवली, नेहमीच्या जागी.

खळगे नव्हते. अंगठा सरकला, करंगळी सरकली. बाईंचा चेहरा असा झाला, जणू ओळखीच्या घराचे दार वाजवावे आणि अनोळखी माणसाने उघडावे. त्यांनी दोन स्वर वाजवले. समुद्रातल्या ओलीने मी पार बेसूर झालो होतो. दोन वर्षे ज्या हातांची वाट पाहिली त्या हातांखाली मी रडक्या आवाजात काहीतरी बरळलो.

“पोचल्याची सही लागेल आजी,” मुकादम कागद पुढे करत म्हणाले. “माल तुमच्या नावावर आहे.”

“थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “अजून ओळख पटायचीय.”

शेवटी लेकीने सही केली. ती बाईंना म्हणाली की प्रवासाने सूर गेलाय, ट्यूनर येईल, पण पियानो नव्या खोलीच्या हवेत दोन आठवडे मुरू द्यावा लागतो. हे तिचे बरोबर होते. त्याच वेळी तिने पट्ट्यांचेही सांगून टाकायला हवे होते. तिने ओठ उघडले, आईचा चेहरा पाहिला आणि चहा टाकायला गेली.

ते दोन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. बाई त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर. आणि खुर्ची माझ्याकडे पाठ केलेली. समुद्र मधे होता तेव्हाही त्या इतक्या लांब वाटल्या नव्हत्या.

ट्यूनर आली. ही तरुण होती, कमी बोलणारी, हात हलका. तिने यंत्रावर सूर तपासला आणि मला सगळीकडे चालतो त्या पूर्ण सुरात वर ओढायला घेतले. तिचा दोष नव्हता, तिला माझ्या फळीतला तडा वरून दिसणार कसा? मी आतल्या आत कळवळत होतो. शेवटाकडे माझी एक तार तुटलीच. तिने नवी तार घेऊन परत येते म्हणून सांगितले आणि ती गेली.

बाई येऊन बसल्या. उजव्या हाताने त्यांनी ते सात स्वर वाजवले. थांबल्या. पुन्हा वाजवले.

“बाबा इतक्या वर शीळ घालत नव्हते,” त्या म्हणाल्या आणि हात मांडीवर घेतले. “हा माझा नाही.”

“आई, तोच आहे.”

“मांजरही तेच होतं ना?”

पुढे त्या दोघींच्या बोलण्यातून मला सारे समजले. बाईंची मांजर इथे आल्यावर वर्षभरात गेली होती. लेकीने आईला न सांगता त्याच रंगाची दुसरी आणली. बाईंनी तिचा कान चाचपला, तो फाटका नव्हता. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ते न बोललेले आता माझ्यावर येऊन पडले.

“मला आंधळी म्हण, चालेल,” बाई म्हणाल्या. “वेडी समजू नकोस. नसेल आणता आला तर नसेल. पण हा कुणाचातरी पियानो आणून मला फसवू नका. शाळेला देऊन टाका. मुलं तरी वाजवतील.”

त्यांनी माझे झाकण लावले, अगदी हळू. परक्याचे समजूनही त्यांनी ते आपटले नाही. हेच मला जास्त लागले. मीच तो आहे, मीच पडलो होतो, तुम्ही रडला होतात, हे सगळे माझ्या तारांपर्यंत येऊन थांबत होते. हात लावणारे कुणी नव्हते.

आठवड्याने ट्यूनर नवी तार घेऊन आली. लेकीने तिला दारातच हलक्या आवाजात सगळे सांगितले; शाळेचा माणूस सोमवारी पियानो बघायला येणार होता तेही सांगितले. बाई खिडकीपाशी पाठ करून बसल्या होत्या.

“जुन्या ट्यूनरनं काही लिहून ठेवलं असेल,” ट्यूनर म्हणाली. “मी आधीच बघायला हवं होतं. चुकलंच माझं.”

“कुठे लिहून ठेवलं असेल?” लेकीने विचारले.

ट्यूनरने पट्ट्यांपुढची लाकडी फळी सोडवली आणि माझी पहिली पट्टी ओढून बाहेर काढली. कडेवर पेन्सिलीचे अक्षर होते, दाट, बारीक, दोघांच्या हातचे. तिने ते खिडकीच्या उजेडात धरले आणि मोठ्याने वाचू लागली.

“‘गाडीवरून पडला. खुंट्यांच्या फळीला तडा. सगळा सारखा खाली लावला आहे. वर ओढू नये. मुलगी अजून रडते आहे.’”

खुर्ची करकरली.

“पुढे वाच,” बाई म्हणाल्या.

ट्यूनरने दुसरी पट्टी काढली, मग तिसरी. “‘सूर खालीच ठेवला.’ ‘पेडलला तेल.’ ‘तळाशी मांजरीची तीन पिल्ले. काम पुढच्या महिन्यात.’”

बाई हसल्या. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला. “पुढच्या महिन्यातही करू दिलं नव्हतं मी,” त्या म्हणाल्या. “पिल्लांचे डोळे उघडायचे होते.” त्या उठल्या आणि हवेत हात धरून माझ्या दिशेने आल्या. “शेवटचं काय आहे? सगळ्यात शेवटचं?”

ट्यूनरने शेवटची ओळ शोधली. मग तिने वाचले. “‘हस्तिदंत काढले. नियम आहे. बाईंना सांगणार असे ताई म्हणाल्या आहेत. सूर खालीच ठेवणे. बाईंच्या वडिलांची शीळ याच सुरात बसते.’”

“तू सांगणार होतीस,” बाई लेकीला म्हणाल्या.

“हो.”

“कधी?”

“वेळ बघून,” लेक म्हणाली. “मला वाटलं तू खचशील, आई.”

“खचलेच ना. तीन आठवडे हा समोर उभा होता आणि मी त्याला परका समजून पाठ करून बसले. माझ्याकडे असे किती आठवडे आहेत असं तुला वाटलं?”

लेक रडू लागली. बाईंनी तिला जवळ घेतले नाही, आणि दूरही सारले नाही. तिचा हात धरून तो माझ्या लाकडावर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. “खाली उतरव गं त्याला,” त्या ट्यूनरला म्हणाल्या. “दमलाय तो.”

दुपार सगळी त्यात गेली. एकेक खुंटी सैल होत गेली, एकेक तार उतरत गेली. बाई पूर्ण वेळ माझ्या बाजूला हात टेकून बसल्या होत्या. ट्यूनर म्हणाली, झालं, पण तारा पुन्हा थोड्या हलतील, महिन्याने यावं लागेल. बाई म्हणाल्या, ये. मग त्यांनी ते सात स्वर वाजवले.

मी काय सांगू? जिना तोच, संध्याकाळ तीच, वर येणारी पावले तीच. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही.

“गुळगुळीत आहेत,” पट्ट्यांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या. “झिजतील हळूहळू.”

“वर्षं लागतील गं आई.”

“लागू देत.” त्या ट्यूनरकडे वळल्या. “तुमची ती लिहायची पट्टी पुन्हा काढ. तारीख घाल, आणि खाली लिही: पोचला. ती माझी सही समज.”

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. ते खळगे गेले ते गेलेच. टकटककाकांच्या डब्यात ते कुठेतरी असतील, आणि त्यांची आठवण मला रोज येते. तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी जुने, जड, न बोलणारे असेल. त्याला कुठे हलवायचे झाले तर दाराचे माप घ्या, जिन्याचे घ्या, वळणाचे तर आठवणीने घ्या. पण त्याच्यात काय बदलले ते वाट पाहणाऱ्या माणसाला आधी सांगा. वाईट बातमी म्हातारी माणसे पचवतात. त्यांना पचत नाही ते हे, की आपल्याच माणसाने आपल्याला काही कळणार नाही असे धरले.

बाईंची लेक आता हे शिकली आहे. संध्याकाळी कामावरून आली की ती जिन्याच्या त्या वळणावर थांबते आणि सात स्वरांची शीळ घालते. इतकी बेसूर शीळ मी जन्मात ऐकलेली नाही. बाई झाकण उघडतात आणि माझ्यावर उत्तर देतात.